आत्याला गावी नेण्याची तयारी

मोटारीची यादी सगळ्यात शेवटी करा. आधी घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाचे गुडघे बघा. गेल्या माघात आम्ही आत्याला घेऊन पाच दिवस कोकणात उतरलो. पुणे, कराड, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर, मग खाडी ओलांडून जयगड, रत्नागिरी, राजापूर तालुक्यातलं आमचं मूळ गाव, आणि परतताना अणुस्कुरा चढून कोल्हापूर. आत्या ७९ वर्षांची. मी मोठ्या हौसेनं तीन पानी यादी केली होती. टायर, स्टेपनी, टॉर्च, पॉवर बँक वगैरे. ती तिनं चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली आणि विचारलं, "यात कमोड कुठाय रे?"

तेव्हा फोन करायला तिथून सुरुवात करा. राहण्याच्या प्रत्येक ठिकाणी कमोड आहे का, खोली तळमजल्यावर आहे का, गाडी दारापर्यंत जाते की मध्ये पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट लागते, हे आधी विचारून घ्या. "जवळच आहे" या उत्तरावर भागवू नका. कोकणात जवळच म्हणजे जांभ्याच्या साठेक पायऱ्या उतरून गेलं की. जेवणाचं त्याच फोनवर ठरवा. घरगुती जेवण म्हणजे हॉटेल नव्हे. किती पानं, शाकाहारी किती, मासे किती, हे आदल्या दिवशी कळलं तरच चूल पेटते. उकडीचे मोदक हवे असतील तर ते पोचल्यावर सांगून मिळत नाहीत. आणि दिवसाला दीडशे किलोमीटरच्या वर जायचं नाही असा नियम करा. पहिला आणि शेवटचा दिवस तेवढा त्याला अपवाद.

दुसरी गोष्ट, कालनिर्णय. भिंतीवरचं काढून गाडीत घ्या. किनाऱ्याचं वेळापत्रक तिथीवर चालतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची अंदाजे वेळ निघते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे पूर्ण भरती तीनच्या सुमारास, दुपारीही आणि रात्रीही. ओहोटी त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे, नऊच्या सुमारास. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. हिशोब मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण दिवस आखायला पुरतो. हेदवीची बामणघळ बघायची तर भरतीलाच जायला हवं. कातळातल्या अरुंद चिरेत लाट घुसते आणि पाणी उंच उसळतं. ओहोटीला गेलात तर एक ओली भेग बघून परत याल. उलट गुहागरच्या किनाऱ्यावर म्हाताऱ्या माणसाला चालवायचं तर ओहोटी बरी, वाळू घट्ट असते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा घळीच्या कडेला कुणालाही फोटोसाठी उभं करू नका. आणि गाडी वाळूत घालू नका. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आधीच्या एका खेपेला हा शहाणपणा मी केला होता. भरती चढत होती, चाकं रुतत होती आणि ट्रॅक्टरवाला शांतपणे विडी संपवत होता.

तवसाळ ते जयगड हा टप्पा फेरीबोटीचा. शास्त्री नदीच्या खाडीतून गाडीसकट पलीकडे जाता येतं आणि मोठा वळसा वाचतो. बोटीच्या वेळा बदलत राहतात, म्हणून आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या घरातल्यांनाच विचारा. त्यांना नक्की ठाऊक असतं. आम्ही धक्क्यावर पोचलो तेव्हा बोट नुकती सुटलेली. पाऊण तास ऊन खात बसलो. त्या पाऊण तासात आत्या, तिच्या आईला पडावातून याच खाडीपलीकडे माहेरी कसं नेत असत ते बोलली. घरी कधी बोलली नव्हती. त्यामुळे यादीत एक वही आणि फोनची मोकळी जागा लिहा. रेकॉर्डिंग सुरू करून फोन मांडीवर पालथा ठेवा. समोर धरला की माणसं भाषण करायला लागतात.

विचारायचे प्रश्नही घरून लिहून न्या. कोयनानगरला चहाला थांबाल तेव्हा ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेच्या भूकंपाचं विचारा. त्या पिढीत ज्याला त्याला आपण कुठे झोपलो होतो ते आठवतं. आत्याकडे फडताळातली पितळी भांडी एकापाठोपाठ एक खाली आली होती. ती कुठल्या क्रमानं पडली तेही तिनं सांगितलं.

जंगलासाठी फार काही लागत नाही. दुर्बीण असली तर उत्तम. कोयना अभयारण्य आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, हे मुलांना सांगा, पण वाघ दिसेल अशी आशा लावू नका. नजर वर ठेवायला सांगा. उंच झाडाच्या शेंड्याला काटक्या-पानांचा मोठा गोळा दिसला तर ते शेकरूचं घरटं असू शकतं. माकडांना काहीही देऊ नका आणि काचा वर ठेवा. आमची बाकरवडीची एक पुडी कुंभार्लीच्या पहिल्याच थांब्यावर गेली. घाट लागायच्या अर्धा तास आधी उलटीची गोळी, खिशात आलेपाक, हाताशी प्लास्टिकच्या दोन पिशव्या. उतारावर गाडी खालच्या गिअरात, नुसता ब्रेक दाबून नाही. अणुस्कुरा अंधार पडायच्या आत चढा. वर शाहूवाडीच्या बाजूला गवे रस्त्यावर येतात, आणि गवा हॉर्नला घाबरत नाही.

आता देव. गुहागरचा व्याडेश्वर आमचं कुलदैवत. तिथे अभिषेक करायचा असेल तर गुरुजींना दोन दिवस आधी फोन हवा. गोत्र आणि घरातल्या सगळ्यांची नावं कागदावर लिहून न्या. ऐन संकल्पाला धाकट्या सुनेचं पत्रिकेतलं नाव कुणाला आठवत नाही. गुहागरच्याच दुर्गादेवीची ओटी घरून भरून न्या: खण, तांदूळ, हळकुंड, सुपारी, सुट्टे पैसे. नारळ मात्र तिथेच घ्या, पुण्याहून कोकणात नारळ नेणाऱ्याला कोणी काय म्हणावं. सोवळं नेसणार असाल तर ते वरच्याच पिशवीत ठेवा. आमची कुलस्वामिनी अंबाजोगाईची. ती या वाटेवर नाही, हे आत्यानं चिपळूणपर्यंत दोनदा बोलून दाखवलं. परतताना कोल्हापूरला अंबाबाईपुढे ती निवळली.

रत्नागिरीच्या पुढे पावस, पूर्णगड, आडिवरे, कशेळी. घाई करायची असेल तर बाकी कुठेही करा, कशेळीला नको. कनकादित्याचं हे देऊळ सूर्याचं, आणि शिलाहार राजा भोजाचा ताम्रपट देवस्थानाकडे आहे. सड्यावरची, म्हणजे जांभ्याच्या उघड्या माळावरची कातळशिल्पं बघायची असतील तर सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा. खोदाई उथळ असते, तिरप्या उजेडात सावली पडली तरच रेघा उठून दिसतात. कोकणातली ही शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. सड्यावर सावली औषधालाही नसते. टोपी, पाणी, आणि शिल्पावर पाय पडू न देणारा एक मोठा माणूस एवढं बरोबर असू द्या. आत्या गाडीतच बसली. म्हणाली, "आम्ही यावर आमसुलं वाळत घालायचो."

राहिलं मूळ गाव, आणि खरी तयारी इथेच लागते. आधी तिथल्या भाऊबंदांना फोन करा. पोचल्यावर नको, आठ दिवस आधी. आजोबांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव, वाडीचं नाव, घराला लोक काय म्हणत ते, आणि असतील तर जुन्या फोटोंच्या दोन-दोन झेरॉक्स न्या. एक तिथे द्यायची. सातबारा ऑनलाइन काढून वाचा, त्यावरची नावं पाठ करा आणि कागद पुण्यालाच ठेवून या. सामायिक जमिनीच्या गावात, चाळीस वर्षांनी मोटारीतून उतरलेल्या पुतण्याच्या हातात सातबारा दिसला की चहा येतो, पण माणसं गप्प होतात. मी तो शर्टाच्या खिशात घडी करून नेला होता. यजमानांचं लक्ष सगळा वेळ माझ्या खिशाकडे. शेवटी आत्याच म्हणाली, "आम्ही फक्त बघायला आलोय हो." तेव्हा कुठे कोयता घेऊन ते वाट साफ करायला पुढे झाले.

घर उभं असेलच असं धरू नका आणि तसं वडीलधाऱ्यांना निघण्याआधी सांगा. आमचं नव्हतं. जांभ्याचं जोतं, त्यावर रानमोडी माजलेली, आणि आगराकडच्या गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला टेकलेलं तुळशीवृंदावन. आत्यानं काठीनं झुडपं बाजूला सारत पायऱ्या मोजल्या. ओटीच्या तीन, पडवीची एक. मग उजवीकडे चार पावलं जाऊन थांबली, "इथे उखळ होतं." काठी टेकवली तर खाली दगड लागला. या जागेसाठी बंद बूट, पूर्ण बाह्यांचा शर्ट, काठी आणि घडीची खुर्ची न्या. खुर्ची विसरू नका. दहा मिनिटांसाठी म्हणून गेलेलं माणूस दोन तास बसतं, आणि जोत्यावर नुसतं बसलं तर उठता येत नाही.

गाडीचं आता थोडक्यात. सर्व्हिसिंग निघायच्या आठवडाभर आधी करा, आदल्या दिवशी नको. काही बिघडवून ठेवलं असेल तर तोवर कळतं. स्टेपनीत हवा, जॅक, पाना, विमा, पीयूसी, फास्टॅगमध्ये पैसे. टाकी चिपळूणला आणि रत्नागिरीला भरा. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा आणि पुढच्या मुक्कामाचा नंबर कागदावर लिहा, कारण रेंज घाटातही जाते आणि वाडीतही. रोख पैसे सुट्ट्या नोटांत.

डिकी निम्मी रिकामी ठेवा. जाताना द्यायला नेलेल्या चिवड्याच्या जागी येताना शहाळी, आमसुलं, कोकमाचं आगळ येतं. आगळाची बाटली उभी बांधा. आम्हाला शेजाऱ्यांनी आजीचा पाटा दिला. कुणाकडे तरी इतकी वर्षं तो न्हाणीपाशी कपडे आपटायला होता. वरवंटा काही सापडला नाही. अणुस्कुऱ्याच्या प्रत्येक वळणाला पाटा डिकीत इकडून तिकडे सरकायचा, आणि प्रत्येक वेळी आत्या पुढच्या सीटवरून मागे वळून बघायची. तेव्हा एक जुनी गोधडी घ्या, खाली अंथरायला.