व्हायोलिन वाजवता वाजवता तोंडाने बीट: विदर्भात राहून हे कसं जमवायचं

बीटबॉक्स, म्हणजे तोंडाने ड्रमसारखे आवाज काढून ठेका देणारे पोट्टे आता गावोगावी दिसतात, व्हायोलिन शिकणारेही शोधले तर सापडतात, पण दोन्ही एकाच वेळी करणारा आपल्याकडे क्वचितच, म्हणून खरी आवड असेल तर यात जागा आहे. अमेरिकेत केविन ओलुसोला चेलो (व्हायोलिनसारखंच, पण मोठं वाद्य) वाजवत तोंडाने बीट देतो, त्याला चेलोबॉक्सिंग म्हणतात. त्याच्या पेंटाटॉनिक्स ग्रुपने २०११ मध्ये 'द सिंग-ऑफ' हा टीव्ही शो जिंकला, पुढे तीन ग्रॅमी मिळाले.

आपल्या भागात चेलो मिळणं अन् दुरुस्त होणं दोन्ही कठीण, त्यामुळे व्हायोलिनच घ्या. इथे आपली बैठक लय कामाची आहे बरं का. पाश्चात्य पद्धतीने हनुवटीखाली धरलं की जबडा अडकतो अन् बीट दबतो. मांडी घालून बसा, व्हायोलिनचं खुंट्यांकडचं टोक उजव्या पायाच्या घोट्याजवळ टेकवा, मागची बाजू छातीला, की तोंड पूर्ण मोकळं.

गुरूकडे रीतसर शिका, गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा देत राहा, शिकवण्या घ्यायच्या झाल्या तर त्या उपयोगी पडतात. गज (बो) सरळ आणि सूर पक्का होईपर्यंत बीट जोडू नका, नाहीतर दोन्ही कच्चं राहते.

मग आठ मात्रांचा केहरवा ताल घ्या, खंजेरी भजनात बसला असाल तर तो अंगात आहेच. आधी 'धा गे ना ती न क धी ना' हाताने टाळी देत म्हणा. मग त्याच जागी बीटचे आवाज बसवा: धा ला ओठांचा 'ब', ना ला 'त्स', धी ला 'क'. हा 'क' श्वास आत ओढून काढायला शिका, कारण तिथेच तुमचा दम भरला जाते, वेगळं थांबावं लागत नाही. आता मेट्रोनोम (ठेका मोजून देणारं यंत्र किंवा ॲप) मिनिटाला ६० ठोक्यांवर लावा, फक्त सा ची मोकळी तार, एक आवर्तन एक गज, समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, गज पालटायचा. हे झोपेत जमेल इतकं झालं की मगच बोटं टाका, आधी सरगम, मग छोटी धून.

स्टेजवर बीटबॉक्सर माईक मुठीत धरतात, तुमचे दोन्ही हात गुंतलेले, म्हणून आडव्या दांड्याचा बूम स्टँड हवाच, माईक ओठांना जवळजवळ चिकटलेला. व्हायोलिनला वेगळा पिकअप (वाद्यालाच लावायचा छोटा माईक) लावा, साउंडवाल्याला दोन चॅनल मागा अन् बेस फक्त तोंडाच्या चॅनलला वाढवायला सांगा, नाहीतर व्हायोलिन घुमते.

कामासाठी भजन मंडळं, गणेशोत्सव, लग्नाचे रिसेप्शन आहेतच, पण पूर्व विदर्भातली झाडीपट्टीची नाटकं विसरू नका. दिवाळीनंतर होळीपर्यंत सीझन चालतो, बरीच बुकिंग गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा इथून होते, तिथे जाऊन प्रत्यक्ष वाजवून दाखवा, फोनवर हे कोणाला समजत नाही. रात्रभराच्या प्रयोगात ओठ थकतात, सगळ्या गाण्यांना बीट देऊ नका.

यूट्यूबवर टाकताना सिनेमाची गाणी टाळा, कॉपीराइटचा क्लेम येतो. अभंगाचे शब्द जुने असले तरी चाल अलीकडच्या संगीतकाराची असू शकते, तेही तपासा. पारंपरिक बंदिश किंवा स्वतःची धून सगळ्यात बरी.

आणि उन्हाळ्यात व्हायोलिन टिनाच्या खोलीत किंवा बंद गाडीत ठेवू नका, पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात लाकूड जोडणारा सरस (गोंद) मऊ होऊन जोड सुटतात.