एसक्यूएल शिकताना या चुका टाळा, जॉइनची तर आधी

नव्याने डेटाच्या कामात आलेल्यांच्या क्वेरी, म्हणजे डेटाबेसला एसक्यूएल भाषेत विचारलेले प्रश्न, मी बरीच वर्षं तपासतो आहे. माणसं बदलतात, चुका त्याच राहतात. आणि यातल्या बहुतेक चुकांवर डेटाबेस एरर देत नाही, हे खरं दुखणं. क्वेरी चालते, आकडा येतो, तो चुकीचा असतो आणि सगळे पुढच्या कामाला लागतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे जॉइन केल्यावर, म्हणजे दोन टेबलं जोडल्यावर, ओळी किती झाल्या ते न मोजणं. माझ्या सुरुवातीच्या नोकरीत मी महिन्याच्या विक्रीचा अहवाल करत असे. एका टेबलात प्रत्येक ऑर्डरची एक ओळ आणि तिची एकूण रक्कम, दुसऱ्यात त्या ऑर्डरमधल्या वस्तू. अहवालात फक्त एका विभागाच्या वस्तू असलेल्या ऑर्डर हव्या होत्या, म्हणून मी दोन्ही टेबलं जोडली आणि ऑर्डरच्या रकमेची बेरीज घेतली. ज्या ऑर्डरमध्ये त्या विभागाच्या तीन वस्तू होत्या, तिची रक्कम तीनदा धरली गेली. १२००चे ३६०० झाले. आकडा सुखावणारा होता, त्यामुळे कुणी शंका घेतली नाही. दोन महिने तो अहवाल वर जात राहिला. शेवटी हिशेब विभागातल्या एका बाईंनी स्वतःच्या बेरजेशी ताडून पाहिला आणि मला बोलावून घेतलं.

त्यानंतर मी जे केलं ते आजही नवशिक्यांकडून रोज पाहतो. घाईघाईने बेरजेच्या आत डिस्टिंक्ट (सारखे आकडे एकदाच धरा, असं सांगणारा शब्द) घातलं. आकडा खाली आला, मला हायसं वाटलं. पण डिस्टिंक्ट रकमा वेगळ्या करतं, ऑर्डर नाही. १२००च्या दोन वेगवेगळ्या ग्राहकांच्या दोन ऑर्डर आता एकच धरल्या जात होत्या. आधी आकडा फुगलेला होता, आता आटलेला होता. ओळी दुप्पट दिसल्या की डिस्टिंक्ट चिकटवायची सवय मला अजिबात मान्य नाही. त्या दुप्पट का झाल्या हे कळल्याशिवाय तो शब्द लिहू नका.

माझा उपाय साधा आहे. क्वेरी लिहिण्याआधी वर कॉमेंटमध्ये एक वाक्य लिहितो: ‘निकालाची एक ओळ म्हणजे एक ऑर्डर.’ प्रत्येक जॉइनच्या आधी आणि नंतर काउंट, म्हणजे ओळींची मोजणी, घेतो. ओळी वाढल्या आणि त्या वाढणं अपेक्षित नव्हतं, तर तिथेच थांबतो. वरच्या प्रश्नात मुळात जॉइनची गरजच नव्हती. ‘अशी वस्तू या ऑर्डरमध्ये आहे का’ एवढंच एक्झिस्ट्सने विचारलं असतं तर काम झालं असतं.

दुसरा माझा जुना वैरी म्हणजे नल. नल म्हणजे शून्य नाही, रिकामी जागाही नाही. ‘माहीत नाही’ हा त्याचा अर्थ. माहीत नसलेल्या दोन गोष्टी सारख्या आहेत का, याचं उत्तरही ‘माहीत नाही’च येतं, म्हणून बरोबरचं चिन्ह इथे चालत नाही, ‘इज नल’ लिहावं लागतं. एवढं सगळ्यांना पाठ असतं. फसतात ते ‘नॉट इन’मध्ये, म्हणजे ‘या यादीत नसलेले’ मागताना. एकही ऑर्डर न दिलेले ग्राहक शोधायला तुम्ही ऑर्डर्समधल्या ग्राहक क्रमांकांची यादी नॉट इनला दिलीत आणि त्या यादीत एक जरी नल असला, तर निकालात एकही ओळ येत नाही. लाखभर ग्राहक असले तरी शून्य. मी नॉट इनच्या आत सबक्वेरी (क्वेरीतली क्वेरी) लिहिणं पूर्ण सोडलं आहे, नेहमी नॉट एक्झिस्ट्स लिहितो. जाता जाता: काउंटमध्ये तारांकन दिलं तर सगळ्या ओळी मोजल्या जातात, कॉलमचं नाव दिलं तर त्यातले नल वगळून. सरासरीही नल वगळूनच निघते.

लेफ्ट जॉइन (डाव्या टेबलाच्या सगळ्या ओळी ठेवणारा) करून उजव्या टेबलाची अट व्हेअरमध्ये, म्हणजे ओळी गाळणाऱ्या भागात, टाकली, की जुळणी न झालेल्या ओळी गळतात आणि तो फक्त जुळलेल्या ओळी ठेवणाऱ्या इनर जॉइनसारखाच वागतो. अट ऑनमध्ये, म्हणजे जोडणीच्या अटीत, लिहा.

तारीख आणि वेळ एकत्र असलेल्या कॉलमवर बिटवीन (‘या तारखेपासून त्या तारखेपर्यंत’) वापरू नका. ‘३१ तारखेपर्यंत’ म्हणजे डेटाबेससाठी ३१ची मध्यरात्र, त्या दिवसाचे पुढचे तास बाहेर. मी ‘पुढच्या महिन्याच्या एक तारखेपेक्षा कमी’ असं लिहितो.

पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की अपूर्णांक कापला जातो, १ भागिले २ बरोबर ०. मायएसक्यूएल तिथे ०.५ देतं. टक्केवारी शून्य आली की आधी इथे बघा.

डिलीट किंवा अपडेट लिहिण्याआधी तीच अट सिलेक्टला लावून ओळी पाहा, मग ट्रान्झॅक्शन (ज्यातले बदल मागे घेता येतात) सुरू करून चालवा. याला अपवाद नाही.

आता शिकण्याच्या पद्धतीबद्दल, कारण अधीरपणा इथेच सगळ्यात जास्त नडतो. ग्रुप बाय (ओळींचे गट करणं) नीट आलेलं नसताना लोक विंडो फंक्शनकडे (ओळी न गुंडाळता गटाचा हिशेब) धावतात. व्हेअर आणि हॅविंग यांत फरक काय, हे विचारलं की गप्प होतात. व्हेअर ओळी गाळतं, हॅविंग गट. क्वेरी सिलेक्टने सुरू होत असली तरी तिचा अर्थ फ्रॉम, व्हेअर, ग्रुप बाय, हॅविंग आणि मग सिलेक्ट या क्रमाने लागतो. हा क्रम डोक्यात बसला की सिलेक्टमध्ये दिलेलं टोपणनाव व्हेअरला का ओळखू येत नाही, हे आपोआप कळतं. कोणता डेटाबेस शिकू, या प्रश्नावर महिना घालवू नका. ही भाषा १९७४ सालच्या आयबीएमच्या संशोधनातून आली, १९८६ पासून तिचं प्रमाणीकरण आहे. गाभा सगळीकडे तोच.

मुलाखतीसाठी उत्तरं पाठ करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण त्यात त्यांचंच नुकसान होतं. ‘दुसरा सर्वाधिक पगार’ हा प्रश्न घ्या. पगार उतरत्या क्रमाने लावायचे, पहिली ओळ सोडायची, पुढची घ्यायची, हे उत्तर पाठ असतं. मी विचारतो, सर्वाधिक पगार दोघांना असेल तर? मग ती क्वेरी पहिलाच पगार पुन्हा दाखवते. डेन्स रँक (सारख्या पगारांना एकच क्रमांक देणारं फंक्शन) का लागतं, हे त्या क्षणी कळतं, पाठांतराने नाही. म्हणून मी प्रत्येकाला पाच-सहा ओळींचं टेबल हाताने बनवायला लावतो. त्यात एक नल, दोन सारख्या रकमा आणि जोडीदार नसलेली एक ओळ मुद्दाम घालायची, अपेक्षित उत्तर आधी कागदावर लिहायचं आणि मगच क्वेरी चालवायची.