कूलंट कमी होतंय? नवतपा लागायच्या आत गळती शोधा

घरातल्या कूलरचं पाणी संपलं की आपल्याला लगेच कळतं. गाडीचं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, मात्र गुपचूप कमी होतं, आणि मे महिन्याच्या दुपारी वर्धा रोडच्या सिग्नलला तापमानाचा काटा वर चढला की मग धावपळ. नागपुरात पारा ४५ च्या पुढे गेल्यावर ही शोधाशोध करायची नसते. एप्रिलमध्येच करून टाका.

तपासणी सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवरच करायची. रेडिएटरचं झाकण साधारण १ बार दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं कूलंट १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. गरम इंजिनवर झाकण फिरवलंत की दाब सुटतो आणि ते उकळून थेट तोंडावर येतं.

आधी कूलंटच्या बाटलीवर आजच्या पातळीला चिकटपट्टी लावा आणि तारीख लिहा. रोज सकाळी थंड इंजिनवर बघा. चार-पाच दिवसांत पातळी हलली नाही, तर गळतीचा प्रश्न बहुधा नाहीच.

हलली, तर रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवून ठेवा. एसीचं पाणी पडतं ते बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूला, रंगहीन, बिनवासाचं. त्याला घाबरू नका. कूलंट हिरवं, गुलाबी किंवा निळसर असतं, बोटाला बुळबुळीत लागतं, वास किंचित गोडसर. ते विषारी आहे आणि गल्लीतली कुत्री चाटतात, म्हणून सांडलेलं पुसून टाका.

डाग जिथे पडला त्याच्या वर टॉर्च मारा. ओल वाळून गेलेली असली तरी खूण राहते: कूलरच्या ताट्यांवर जसा पांढरा क्षार साचतो, तसा रंगीत थर होजच्या टोकांना, क्लॅम्पखाली, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीच्या जोडावर दिसतो. होज दाबून बघा. फुगलेला, चिरलेला किंवा लिबलिबीत लागला तर बदला. वॉटर पंपाच्या पुलीजवळ खाली एक बारीक भोक असतं. तिथून ओघळ आला असेल तर पंपाचं सील गेलं.

पुठ्ठा कोरडा, तरी पातळी खाली? माझ्या गाडीत दर आठवड्याला बोटभर कमी व्हायचं. एका गॅरेजवाल्याने रेडिएटरच बदला म्हणून सांगितलं. दुसऱ्या मिस्त्रीने झाकण काढलं, आतलं रबर नखाने वाकवलं आणि चीर दाखवली. दाब धरला जात नव्हता, कूलंट वाफ होऊन उडत होतं. नवं झाकण घेतलं, काम झालं. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे: झाकण तपासल्याशिवाय आणि प्रेशर टेस्ट केल्याशिवाय मोठा खर्च कबूल करायचा नाही. या टेस्टमध्ये थंड इंजिनला पंपाने हवेचा दाब देतात. दाबाचा काटा खाली सरकला तर गळती आहे. डाव्या सीटखालचं कार्पेट ओलं आणि काचेवर चिकट धुकं असेल, तर हीटरचा कॉइल (ज्यातून गरम कूलंट फिरतं) फुटलाय.

गळती नाही, तरी गाडी तापते? ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेवर निवळते, तर फॅन बघा. एसी लावल्यावर तो फिरायला हवा. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मोटर या क्रमाने तपासा. हात लांब ठेवा, इंजिन बंद असतानाही तो अचानक सुरू होऊ शकतो. उलट हायवेवर तापत असेल तर रेडिएटर तुंबलंय, पंप कमजोर आहे किंवा थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) अडकलाय. बहुतेक थर्मोस्टॅट ८२ ते ९० अंशांच्या आसपास उघडतात. काटा वर आणि खालचा होज थंडच, तर संशय त्याच्यावरच.

भरताना बोअरचं पाणी नको, आतून क्षार धरतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं, तेही मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रकारचंच. गळती बुजवायच्या पावडरीने बारीक नळ्याही बुजतात. मी टाकत नाही.

रस्त्यातच काटा चढला तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण चालू. मे महिन्यात हे सांगणं क्रूर आहे, पण हीटर इंजिनची उष्णता ओढून घेतो. सावली बघून थांबा, इंजिन बंद, निदान अर्धा तास बोनेटमध्ये हात नको. एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल किंवा ऑइलच्या काडीवर दुधाळ चहासारखा रंग दिसत असेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या वरच्या जोडातलं सील, गेल्याची शक्यता मोठी. मग गाडी पुन्हा सुरू करू नका, टो करूनच न्या.