चौकडी छापली होती, गाठ विसरले होते

गोव्याच्या कुणबी बायका नेसतात त्या चौकडीच्या साडीवर बेतलेले माझे सहाही पोशाख पाहून फॅशन डिझाइनच्या ज्युरीने विचारलं, "यात कुणबी साडी कुठे आहे?" सॅटिनवर लाल चौकडी छापली होती, एवढंच. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ही साडी रॅम्पवर नेली, हे पाठ होतं. ती नेसतात कशी, हे कुणाला विचारलंच नव्हतं. फार लागलं ते.

मग गोव्यातल्या केप्याला आजीच्या शेजारच्या मावशींकडे गेले. त्यांनी नेसून दाखवली: खांद्यावर घट्ट गाठ, आणि शेतात वाकता यावं म्हणून आखूड नेसण. तीच गाठ सॅटिनवर सारखी सुटायची, हातमागाच्या सुती कापडावर पक्की बसली. मग झिपा काढल्या, पोशाख गाठीवरच तोलले. शिवणीवर चौकडी जुळवताना कापड फार जायचं, म्हणून शिवणीच कमी केल्या. सहाचे चार झाले. चौथ्याची लांबी अजून दोन बोटं कमी करायची आहे.