जर्मनीतले पहिले दोन महिने आणि पैशांचं गणित: या चुका टाळा

सप्टेंबर उजाडला की जर्मनीला शिकायला निघालेल्या मुलांचे फोन सुरू होतात. "ताई, ब्लॉक्ड अकाउंट भरलंय. आता वेगळे पैसे फारसे न्यायला नकोत ना?" विचारणारा पुण्याचा असो की जळगावचा, माझ्या डोक्यात तिडीक जाते. कारण मीही हेच गृहीत धरून विमानात बसले होते.

व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरून ठेवायचे, ते हे खातं. त्यातून महिन्याला ९९२ युरोच सुटतात, तेही इथे पोचून, आपल्या नावाचं चालू खातं उघडून, त्याचा नंबर कळवल्यावर. म्हणजे आईच्या कपाटातल्या दागिन्यांसारखं. आपलेच, पण किल्ली आपल्याकडे नाही.

माझ्या वेळी रक्कम कमी होती, गोची हीच. खिशात ४०० युरो. पहिले तीन आठवडे थोड्या दिवसांसाठी घेतलेल्या खोलीत काढले. मालक म्हणाला, आन्मेल्डुंगचा कागद देणार नाही. आन्मेल्डुंग म्हणजे शहराच्या कार्यालयात पत्ता नोंदवणं, आणि त्याला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. पत्त्याची नोंद नाही म्हणून मी निवडलेली बँक खातं उघडेना, खातं नाही म्हणून पैसे सुटेनात. शेवटी एका सामायिक घरात खोली मिळाली: भाडं ३५०, अनामत ७००, दोन्ही चावी घेताना. माझ्याकडे उरले होते १६०. सांगलीच्या एका सीनियरने बाकीचे उसने दिले, आणि कधी देणार हे विचारलंही नाही.

खातं उघडलं, कार्डही पोस्टाने आलं. पिनचं पत्र मात्र येईना. अकरा दिवसांनी शेजारच्या खोलीतल्या मुलीने विचारलं, "तुझं नाव पेटीवर कुठेय?" इथे फ्लॅट नंबर नसतात. बेलवर आणि पत्रपेटीवर आडनाव नसेल तर पोस्टमन पत्र सरळ परत पाठवतो. मी वहीचा कागद कापला, त्यावर आडनाव लिहिलं, सेलोटेपने चिकटवलं. पत्र पुन्हा मागवलं. पहिला हप्ता हातात पडला तो ४१व्या दिवशी.

आता काही ऑनलाइन बँका पत्त्याच्या नोंदीशिवायही खातं उघडून देतात. तरी माझं म्हणणं बदललेलं नाही: ब्लॉक्ड अकाउंट सोडून किमान २,००० युरो हाताशी हवेत. बहुतेक फोरेक्स कार्डावर (आधीच परकी चलन भरून नेायचं कार्ड), तीनेकशे रोख. आणि खोली ठरवताना भाड्याच्या आधी "आन्मेल्डुंग होईल का?" हे विचारा. नाही म्हणाले तर खोली कितीही स्वस्त असो, पुढे चला.

दुसरी चूक अनामतीची. जाहिरातीत "काल्टमिटं ३८०" वाचून मुलं वहीत ३८० लिहितात. ते नुसतं खोलीचं भाडं. हीटिंग, पाणी, जिन्याची सफाई धरून "वार्ममिटं" होतं आणि तेच दरमहा जातं. अनामत, म्हणजे काउत्सिओन, कायद्याने तीन महिन्यांच्या काल्टमिटंपर्यंत घेता येते. ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचाही भाडेकरूला हक्क आहे. नम्रपणे मागून बघा, माझ्या ओळखीतल्या दोघांना मिळाले. पण "परत मिळणारच आहे" म्हणून बजेटमध्ये शून्य धरणारे मला खरंच कळत नाहीत. घर सोडेपर्यंत ते पैसे तुमचे नाहीत, सोडल्यावरही कित्येक महिने नाहीत. गेले म्हणूनच लिहा.

खोली न बघता अनामत पाठवू नका. "मी लंडनला असतो, चावी कुरिअरने पाठवतो" म्हणणारा मालक चोरच.

आरोग्य विमा दरमहा दीडशे युरोच्या आसपास. कागदपत्रं उशिरा दिलीत की दोन-तीन महिन्यांचे एकदम कापले जातात.

रेडिओ-टीव्हीची वर्गणी: टीव्ही नसला तरी घरटी महिना १८.३६, तीन महिन्यांचे एकदम ५५.०८. पत्र केराच्या टोपलीत टाकून ती टळत नाही. सामायिक घरात एकाने भरायची, बाकीच्यांनी वाटून घ्यायची.

युरो ९० रुपयांनी धरून काढलेलं बजेट फाडा. दर शंभरीपलीकडे गेलेला आपण पाहिलाय.

"पहिल्या महिन्यापासून पार्टटाइम करून भाडं काढेन" हे व्हिडिओ बघून आलेल्यांचं आवडतं वाक्य. बाबा रे, आधी पत्त्याची नोंद, मग पोस्टाने टॅक्स नंबर, मग करार, मग महिनाअखेर पगार. तेवढ्यात नोव्हेंबर संपतो. शिवाय वर्षाला १४० पूर्ण दिवसांची मर्यादा आहेच. घाई करून रोखीतलं, बिनकागदी काम धरणाऱ्यांना मी फोनवरच झापते.

आणि २३ किलोच्या बॅगेत तांदूळ, डाळ आणू नका, इथे सगळं मिळतं. जाड जॅकेटही इथेच, जुन्या वस्तूंच्या ॲपवर घ्या. कुकर मात्र आणा, आणि दोन जास्तीच्या रिंगा.