'संशयकल्लोळ' बसवायला घेताय?

जुनं विनोदी नाटक हाती घेतलं की पहिला सल्ला ठरलेला : बायकांवरची खटकणारी वाक्यं कापून टाका. मी गोविंद बल्लाळ देवलांचं 'संशयकल्लोळ' बसवलं तेव्हा लांबीसाठी पदं कमी केली, वाक्यं राहू दिली. अडचण वाक्यांत नाहीच मुळी.

रेवतीला रस्त्यात घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो आणि त्याची बायको कृत्तिका ते पाहते. मग रेवतीच्या हातून पडलेली तिच्या प्रियकराची, अश्विनशेटची, तसबीर कृत्तिकेला सापडते. ती न्याहाळताना नवरा बघतो. संशयाची फिट्टंफाट! पण नवरा चिडला तर बायकोला घराबाहेर काढू शकतो. बायकोच्या हाती आदळआपट तेवढी. रेवती तर नायकिणीची मुलगी. तिच्यावर संशय घ्यायला लोकांना तसबीरही लागत नाही. हा फरक दिसला पाहिजे आणि हशाही टिकला पाहिजे.

त्यासाठी वाचनाच्या तालमीआधी सगळ्यांना देवलांचंच 'झुंजारराव' वाचायला द्या. 'ऑथेल्लो'वरून केलेलं हे नाटक १८९० चं. 'संशयकल्लोळ'चं मूळ गद्य रूप, 'फाल्गुनराव', आलं १८९३ मध्ये. म्हणजे संशयापायी बायकोचा जीव घेणारा नवरा या लेखकाने आधीच रंगवला होता. नंतर तसबिरीचा प्रवेश एकदा विनोद बाजूला ठेवून, हळू आवाजात करून पाहा. कृत्तिका करणारी मुलगी नवरा किती जवळ आलाय यावर लक्ष ठेवू लागते. ते लक्ष राहू द्या आणि वेग मात्र पहिल्यासारखा करा. फार्स रेंगाळला की त्याचं व्याख्यान होतं.

फाल्गुनराव गणपतराव बोडसांनी गाजवला. तेव्हापासून, माझ्या मते, नटांना तो लोभस करायचा मोह होतो. तो आवरा, त्याचा संशय त्याला शंभर टक्के खरा वाटला पाहिजे, तरच त्याचं हसं होतं. रेवतीचंही तसंच. १९१६ साली संगीत रूपात ती बालगंधर्वांनी केली. आजच्या नटीने त्या लाजण्या-मुरडण्याची नक्कल कशाला करायची? तिला चिडू द्या.

शेवटी समेट होतो तेव्हा आमची कृत्तिका नवऱ्याला लगेच बिलगली नाही. आधी त्याला नीट न्याहाळलं, मग पुढे आली. एका ज्येष्ठ रसिकांना हे गोड शेवटाला गालबोट वाटलं. प्रेक्षकांतल्या बायका मात्र तिथेच सगळ्यांत मोठ्याने हसल्या.