यकृताच्या आजारातली मळमळ: गांजा घ्यायचाच तर किती आणि कसा

सिरोसिसच्या (यकृत निबर होत जाण्याच्या आजाराच्या) पेशंटचं जेवण सुटलं की अंगावरचं मांस झपाट्याने झडतं. त्यामुळे मळमळ सोसत बसू नये. कॅलिफोर्नियात औषध म्हणून गांजा १९९६ पासून कायदेशीर आहे; तिथल्या मराठी घरांसाठी ही माहिती.

आधी मळमळ कशाने होते ते पाहा. शौचाला साफ होऊन भ्रम टळावा म्हणून देतात त्या लॅक्ट्युलोजच्या गोडमिट्ट चवीने ढवळत असेल तर ते पाण्यात किंवा फळाच्या रसात मिसळून द्या. हेपटायटिस सी वरचं रिबाव्हिरिन चालू असेल तर जेवणासोबतच घ्या. पोटात पाणी झालं असेल तर चार घासांतच पोट भरतं. मग दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायचं आणि झोपताना वाटीभर दूध-पोहे किंवा दहीभात. उलटीत रक्त दिसलं किंवा शौचाला डांबरासारखं काळं झालं तर थेट इमर्जन्सी गाठा. एवढं करून, आणि डॉक्टरांनी दिलेल्या ऑन्डान्सेट्रॉन या उलटीवरच्या औषधानेही भागलं नाही, तर लिव्हरच्या डॉक्टरांना विचारूनच गांजाकडे वळा.

गांजातलं टीएचसी, म्हणजे नशा आणणारं मुख्य द्रव्य, मोडतं ते यकृतातच. खाल्लेलं टीएचसी आधी यकृतात जातं, तिथे त्याचं आणखी कडक रसायन बनतं, आणि आजारी यकृताला ते बाहेर काढायला वेळ लागतो. धडधाकट माणसाला सुरुवातीला २.५ मिलिग्रॅम देतात. यकृताच्या आजारात त्याच्या निम्म्याने सुरू करा. कॅलिफोर्नियातल्या दुकानांत एका गमीत (चघळायच्या मऊ गोळीत) जास्तीत जास्त १० मिलिग्रॅम टीएचसी असतं. ५ मिलिग्रॅमची गमी घ्या, सुरीला किंचित तेल लावून तिचे चार सारखे तुकडे करा. एक तुकडा म्हणजे सव्वा मिलिग्रॅम.

पहिला तुकडा संध्याकाळी, घरात कोणी सोबत असताना, जेवणाआधी तासभर घ्या. गुण यायला अर्ध्या तासापासून दोन तासही लागतात. बहुतेकांची चूक इथेच होते: तासाभराने ‘काहीच झालं नाही’ म्हणून दुसरा तुकडा तोंडात टाकतात, मग दोन्ही एकदम चढतात, छाती धडधडते, डोकं गरगरतं. त्या दिवशी दुसरा तुकडा नाही. दोन-तीन दिवस एवढ्यावरच थांबा, मग गरज वाटली तरच डॉक्टरांना विचारून वाढवा.

थेंब घेणार असाल तर बाटलीवर आतलं द्रव्य काय ते वाचा. टिंक्चर बऱ्याचदा अल्कोहोलमध्ये काढलेलं असतं, ते या आजारात नकोच, तेलातलं घ्या. ३० मिलिलिटरच्या बाटलीत ३०० मिलिग्रॅम असेल तर ०.१ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम येतं. ड्रॉपरने एवढं बारीक मोजता येत नाही, बिनसुईची १ मिलिलिटरची सिरिंज वापरा. सीबीडी या गांजातल्या दुसऱ्या, नशा न आणणाऱ्या द्रव्याचा भर असलेली उत्पादनं टाळा: मोठ्या मात्रेत त्याने यकृताचे एन्झाइम वाढतात, आणि यकृत प्रत्यारोपणानंतर घ्यायच्या टॅक्रोलिमस या औषधाची रक्तातली पातळीही चढते. प्रत्यारोपण झालेल्याने गांजा ओढू नये. त्यातल्या बुरशीचा फुप्फुसांना संसर्ग होऊ शकतो.

पूर्वी कधी यकृतामुळे भ्रम झाला असेल, तर टीएचसी घेऊच नका. गांजाची झापड आणि तो भ्रम वरवर सारखेच दिसतात, आणि त्यात मोलाचे तास हातचे जातात. रोज सकाळी पेशंटला हात पुढे ताणून, पंजे वर वळवून, समोरची गाडी थांबवतो तसे धरायला सांगा. पंजे पंखासारखे फडफडले, किंवा तारीख-वार चुकायला लागले, तर लगेच दवाखाना. दिवसाला दोन-तीनदा शौचाला होतंय ना, तेही बघा.

बरेच महिने रोज घेतल्यावर उलट्या वाढल्या, आणि गरम पाण्याच्या शॉवरखाली उभं राहिलं की बरं वाटतं, तर तो गांजाचाच परिणाम समजा. बंद करा.

प्रत्यारोपणाच्या यादीत नाव असेल तर सुरू करण्याआधी प्रत्यारोपण केंद्राला विचारा. निव्वळ वैद्यकीय गांजा घेतो म्हणून नाकारू नये असा कायदा कॅलिफोर्नियाने २०१५ साली केला, पण सगळ्या राज्यांत तसा नाही. आणि ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्वाचा अर्ज करायचा असेल तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा: अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कायद्याने गांजा गुन्हाच आहे, आणि राज्यात चालतो म्हणून अर्जात सूट मिळत नाही, हे २०१९ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. उरलेल्या गमी बॅगेत घालून भारतात आणू नका. १९८५ च्या एनडीपीएस या अमली पदार्थांच्या कायद्याखाली अटक होऊ शकते.